ठोसेघरची खडी

प्रश्न

सांगलीच्या एका वाचक भगिनींच्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, सासूबाई त्यांच्यासोबत राहतात आणि मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. सप्टेंबरमधल्या एका रविवारी पती-पत्नी आणि मुलगी असे तिघे पहाटे साडेचारला मोटारीने निघाले आणि कास पठार, सज्जनगड व ठोसेघर असे सगळे उरकून रात्री साडेअकराला घरी परतले. यवतेश्वरच्या घाटात मुलीला उलटी झाली, कासला फुलांना हात लावू दिला नाही म्हणून तिने रडून गोंधळ घातला, सज्जनगडाच्या पायऱ्यांवर ती वडिलांकडे जाईना, आणि ठोसेघरला धबधब्याकडे जाण्याऐवजी ती “शेवटी पार्किंगमधल्या खडीतच पाऊण तास बसून राहिली”. परतीच्या वाटेवर नवरा-बायकोचा वाद झाला. आता दिवाळीत दीर, जाऊ आणि त्यांची आठ व अकरा वर्षांची मुले यांच्यासह दोन गाड्यांनी कोकणात जाण्याचे घाटते आहे. गणपतीपुळे, गुहागर, दापोली आणि हरिहरेश्वर असे पाच दिवसांत चार मुक्काम आहेत. सासूबाई म्हणतात, “पोर पाच वर्षांचे होईपर्यंत कुठे नेऊ नये.” पती म्हणतात, “सवय लावली तरच लागेल.” भगिनी विचारतात, “बाळामुळे सगळ्यांची सहल बिघडणार, शिवाय तिला यातले काही आठवणारही नाही. तिला आजीजवळ ठेवून जावे, बरोबर न्यावे, की आम्ही मायलेकींनी घरीच थांबावे?”

उत्तर

सस्नेह नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना फक्त तुमचा थकवा जाणवला. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, तेव्हा ‘बाळामुळे’ हा शब्द तुम्ही पाच वेळा लिहिल्याचे दिसले. बाळामुळे उशीर झाला, बाळामुळे धबधबा नीट बघता आला नाही, बाळामुळे भांडण झाले. त्या दिवसाचा सगळा दोष एका सव्वादोन वर्षांच्या मुलीच्या पदरात घालण्याआधी आपण तो दिवस कागदावर मांडून पाहू या.

सांगली ते सातारा हे अंतर एका बाजूने सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. साताऱ्याहून कास आणखी पंचवीस किलोमीटरवर, घाट चढून. तिथून पुन्हा खाली शहरात उतरायचे आणि वेगळ्या रस्त्याने सज्जनगड-ठोसेघरकडे चढायचे, कारण कास एका डोंगरावर आणि ही दोन ठिकाणे दुसऱ्या. जाऊन-येऊन सगळा हिशेब साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जातो, आणि पहाटे साडेचार ते रात्री साडेअकरा म्हणजे एकोणीस तास होतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालील मुलांसाठी २०१९ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत तुमच्या मुलीच्या वयाला दुपारची झोप धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप, दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल, आणि सलग एका तासापेक्षा जास्त वेळ बांधून न बसवणे, अशा तीन गोष्टी सांगितल्या आहेत. त्या रविवारी या तिन्ही गोष्टी मोडल्या. असा दिवस तुम्हाला-मलाही जड गेला असता. आपण मोठी माणसे रस्त्यावर लोळण घेत नाही, गाडीत एकमेकांशी भांडतो. तुम्हीही तेच केलेत, नाही का?

आता त्या खडीविषयी. तुम्ही ते वाक्य तक्रारीच्या सुरात लिहिले आहे, पण पुढच्याच ओळीत नकळत सगळे सांगूनही टाकले आहे. कंदी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात ती एकेक खडा टाकत होती, खोके भरले की उपडे करत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती. एक मोठा खडा खोक्यात मावेना, तेव्हा तिने तो उचलून तुमच्या चपलेत ठेवला. पाऊण तास! एरवी पाच मिनिटे एका जागी न ठरणारे मूल पाऊण तास एका कामात गढून जाते, तेव्हा त्याची सहल सुरू झालेली असते. ती सुरू होण्यासाठी ठोसेघरची गरज नव्हती, हे खरे आहे आणि थोडे बोचणारेही आहे. माझा मुलगा याच वयाचा असताना आम्ही त्याला महाबळेश्वरला नेले होते. तीन दिवसांत त्याला रस वाटला तो फक्त हॉटेलच्या जिन्यात. विल्सन पॉइंटवरचा सूर्योदय आम्ही आळीपाळीने पाहिला आणि जिना मात्र तिघांनी मिळून निदान चाळीस वेळा चढलो-उतरलो.

दोन वर्षांच्या मुलासाठी ‘ठिकाण’ नावाची गोष्ट फारशी नसते. समोरची दरी त्याच्या लेखी एक धूसर पडदा असतो. हाताला लागते ते, पायाखाली येते ते आणि पाण्यात टाकल्यावर आवाज करते ते, एवढेच त्याचे पर्यटन. म्हणून कासवर तिला फुलांना हात लावायचा होता. हात लावू न देणे बरोबरच होते. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या त्या पठारावर मातीचा थर इतका पातळ आहे की एका पावलानेही नुकसान होते, आणि हा नियम दोन वर्षांच्या पावलालाही लागू आहे. पण जिथे ‘हात लावू नको’ हेच वाक्य दिवसभर म्हणावे लागणार, त्या जागी या वयाचे मूल नेताना तेवढ्यापुरतीच भेट ठेवावी: अर्धा-पाऊण तास, शक्यतो गर्दी नसलेल्या दिवशी, मुलाशेजारी उकिडवे बसून. सीतेची आसवे किंवा दवबिंदू ही इवलीशी फुले उभ्या माणसाला दिसतही नाहीत. ती तुमच्या मुलीच्या उंचीवर आहेत. दवबिंदूच्या चिकट पानावर अडकलेला किडा तिला दाखवला असतात, तर कदाचित रडणे तिथेच थांबले असते. कदाचित नसतेही, खात्री मी देत नाही.

‘तिला आठवणार नाही’ या मुद्द्याकडे वळते, कारण हा प्रश्न मला अनेक पत्रांतून येतो. मोठेपणी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे काही आठवत नाही, हे खरे आहे. पण म्हणून आज त्या मुलाला काहीच आठवत नाही असे नव्हे. तुम्हीच लिहिता की आता रस्त्याकडेला खडीचा ढीग दिसला की ती ‘टप टप’ म्हणत तुम्हाला थांबायला लावते. मग हे आठवणे नव्हे तर काय? तिला विसाव्या वर्षी ठोसेघर आठवणार नाही, एवढेच. कालचा वरण-भातही तिला तेव्हा आठवणार नाही. म्हणून आपण तो भरवायचा थांबत नाही.

तुमच्या घरातली दोन मते मला एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. सासूबाईंना नेमकी कशाची भीती वाटते, हे कोणी शांतपणे विचारले आहे का? ‘कुठे नेऊ नये’ या वाक्याच्या पोटात बहुधा पाणी बदलले की पोट बिघडेल, झोप मोडेल, गर्दीत हात सुटेल, अशी ठोस कारणे असतात आणि त्यांतली बहुतेक रास्त असतात. त्यांच्या भीतीवर इलाज करता येतो. त्यांना ‘जुन्या विचारांच्या’ म्हणून बाजूला सारले, तर तुम्ही निघाल्याच्या दिवसापासून त्या फोनवर ताप मोजत बसतील. तुमच्या पतींचे म्हणणेही खोटे नाही, फक्त सवय कशाची लावायची हे ठरवायला हवे. नव्या खोलीत झोपण्याची, अनोळखी ताटात जेवण्याची, वाळूत अनवाणी चालण्याची सवय लागते. एकोणीस तासांची सवय कोणालाच लागत नाही, आणि लागू नये.

तुम्ही मांडलेल्या तीन पर्यायांपैकी ‘आम्ही मायलेकी घरी थांबतो’ हा मला सर्वांत कमी पटला. तुम्हाला मनापासून घरी राहायचे असेल तर अवश्य राहा. पण पत्रात मला तशी इच्छा कुठे दिसली नाही, दिसला तो त्याग, आणि तोही न मागितलेला. असा त्याग चार दिवसांनी फोटो पाहताना घशाशी येतो.

तिला आजीजवळ ठेवण्यात गैर काहीच नाही. दोन वर्षांच्या मुलाला सोडून गेलेली आई निर्दय असते, हा समज आपण सोडून देऊ. पाहायचे ते एवढेच: ती आजीजवळ रात्री झोपते का, रात्री उठली तर आजीच्या कुशीत शांत होते का, आणि आजींची तब्येत सलग पाच दिवस हे झेपवणारी आहे का. या वयात आई-वडील नजरेआड झाले की मूल कासावीस होते, ते वाढीचाच भाग आहे. त्यामुळे पहिलाच विरह चार रात्रींचा नसावा. दिवाळीच्या आधी एखाद्या शनिवारी तुम्ही दोघे एक रात्र बाहेर राहून पाहा. जाताना तिला सांगून, तोंड दाखवून जा. झोपेत असताना गुपचूप निघू नका. ती रात्र बरी गेली, तर पुढे दोन रात्रींचा विचार करता येईल. दिवाळीच्या चार रात्री मात्र मला यंदा जास्त वाटतात.

उरतो तिला घेऊन जाण्याचा पर्याय, आणि माझा कल त्याकडे आहे. मात्र तुमच्या दिरांनी आखलेल्या सहलीत तिला बसवून नव्हे. पाच दिवसांत चार मुक्काम म्हणजे रोज सामान बांधणे, रोज नवी खोली, रोज दुपारची झोप गाडीत. त्याऐवजी गणपतीपुळे किंवा गुहागर यांपैकी एक गाव निवडा आणि चारही रात्री तिथेच राहा. दोन गाड्या आहेत ही फार सोयीची गोष्ट आहे: दीर-जाऊ आणि मोठी मुले दापोली-हरिहरेश्वरकडे एक-दोन मुक्काम करून येऊ शकतात, तुम्ही तिघे किनाऱ्यावर राहाल आणि पुन्हा सगळे एकत्र जेवाल. आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांना भटकायचे असते, ते योग्यच आहे. त्यांना तुमच्या मुलीच्या झोपेसाठी खोलीत डांबणे हाही अन्यायच. हे जाऊबाईंशी आत्ताच, खोल्या ठरवण्यापूर्वी बोला. निघाल्यावर आंबा घाटात हा विषय काढलात, तर ते रुसवे-फुगवे होतील.

प्रवासाविषयी थोडे सविस्तर लिहिते. गाडी लागण्याचा त्रास साधारण दुसऱ्या वर्षानंतर सुरू होतो आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांत जास्त दिसतो, त्यामुळे तुमची मुलगी नुकतीच त्या वयात पाऊल टाकते आहे. निघण्यापूर्वी पोटभर दूध पाजू नका, उपाशीही ठेवू नका. कोरडी पोळी, भाताची पेज, थोडे कुरमुरे असे हलके काहीतरी पुरते. (सांगलीचे भडंग तिखट असते, ते तुम्हीच खा.) घाटात हातात मोबाइल देऊ नका, कारण जवळच्या पडद्यावर डोळे खिळले की मळमळ वाढते, खिडकीची काच थोडी खाली करून दूरचे झाड, पूल, गुरे दाखवत राहा. दर तासाला गाडी थांबवा आणि तिला उतरवून पळू द्या. उलटीची किंवा ‘झोप येणारी’ म्हणून सर्दीची औषधे कोणी कितीही खात्रीने सुचवली, तरी बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि मुलीला पुढच्या आसनावर मांडीवर घेऊन बसू नका. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाचे सोडा, धडक बसली तर पुढची एअरबॅग मांडीवरच्या मुलावरच उघडते. बालआसन महाग वाटत असेल, तर एखाद्या नातेवाइकाचे चांगल्या स्थितीतले मागून घ्या, मात्र आधी घरीच दोन दिवस तिला त्यात बसून खेळू द्या. पहिल्या दिवशी ती रडेल.

मुक्कामाच्या जागी पोहोचलात की सामान उघडण्याआधी एक फेरी मारा. कोकणातल्या अनेक घरांच्या आवारात विहीर असते. तिचा कठडा किती उंच आहे आणि तोंडावर जाळी आहे का ते पाहा. न्हाणीघरातली भरलेली बादली रिकामी करून उपडी ठेवा, कारण एवढे मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते आणि त्या वेळी ते ओरडत नाही, आवाज न करताच बुडते. समुद्रावर जाल तेव्हा एका मोठ्या माणसाचे काम फक्त तिच्याकडे पाहणे, तेही हाताच्या अंतरावरून. ‘सगळे आहेत ना’ म्हणजे कोणीच नसते. लाटेपासून लांब ओली वाळू आणि एक डबा तिला पुरेल. तुम्हाला आता कळलेच असेल की हा ठोसेघरचाच खेळ आहे, फक्त खडीऐवजी वाळू.

पाणी उकळून गार केलेले किंवा बंद बाटलीतले द्या, आणि ओआरएसची पाकिटे घरून न्या. पाकीट त्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण विरघळवायचे असते, निम्मे पाकीट पेल्यात टाकायचे नसते. दुकानात मिळणारी गोड फळपेये ही त्याची जागा घेऊ शकत नाहीत. मूल सुस्तावले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर थांबू नका. सासूबाईंच्या भीतीवर मी म्हणत होते तो इलाज एवढा साधा आहे, आणि जवळचा बालरोगतज्ज्ञ कुठे आहे हे आधीच शोधून ठेवलेत की त्यांनाही बरे वाटेल.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. तुमच्या चार पानी पत्रात मुलीने काय खाल्ले, किती वेळा कपडे बदलले, पिशवीत काय राहून गेले, हे सगळे आहे. तुम्ही स्वतः त्या दिवशी काय खाल्ले किंवा काय पाहिले, याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. “तू हिला जरा धर, मी फोटो काढतो,” हे पतींचे वाक्य मात्र आहे. वाद त्यावरूनच झाला असणार. घरचेच काम दुसऱ्या गावी जाऊन, कमी सोयीत करायचे, याला सुट्टी म्हणत नाहीत. म्हणून कोकणात ‘मदत कर’ असे मोघम सांगू नका, वेळ वाटून घ्या: सकाळी उठल्यापासून जेवणापर्यंत ती पूर्णपणे वडिलांची, दुपारी तुमची, संध्याकाळी आलटून-पालटून. त्यांच्या वेळेत ते तिला उलटा फ्रॉक घालतील, केळ्याच्या जागी बिस्किट देतील. तुम्ही मधे पडायचे नाही, किनाऱ्यावर दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर ती त्यांच्याकडे गेली नाही, यात त्यांचा अपमान नव्हता. दमलेले मूल रोज झोपवणाऱ्या माणसाकडे धावते. त्यांनी महिनाभर रोज रात्री तिला झोपवले, तर पुढच्या गडावर ती तुमच्याकडे येणार नाही. बघा, चालेल का तुम्हाला?

कोकणाला अजून काही आठवडे आहेत, तोवर घराजवळ सराव करा. ही सूचना साताऱ्या-सांगलीतल्या इतर पालकांसाठीही आहे, कारण लहान मुलांच्या निम्म्याहून अधिक सहली दोन तासांत आणि दहा-वीस किलोमीटरच्या आत होऊ शकतात. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर सकाळी सात वाजता जा, संगमेश्वराच्या आवारात तिला चालू द्या आणि साडेनऊला परत या. नदीत मात्र पाय बुडवू देऊ नका. कृष्णेत मगरी आहेत, हे सांगलीकरांना मी सांगायला नको. थोडे लांब जायचे तर देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वर अभयारण्य आहे. धों. म. मोहिते यांच्यासारख्या माणसांनी उघड्या डोंगरावर झाडे लावून उभे केलेले हे सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे रान आहे, आणि तिथले चितळ-सांबर दिसले तर उत्तम, न दिसले तरी वाळलेल्या पानांचा आवाज आणि मुंग्यांची रांग हमखास मिळते. दुपारच्या आत मात्र परता, उन्हाचा कडाका तिथे फार असतो. साताऱ्यातल्या पालकांना अजिंक्यताऱ्याची सकाळ आहेच. मूल थकले तर उलटे फिरायला त्या रस्त्यावर कोणाची हरकत नसते. दुचाकीवरून जाणार असाल, तर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी शिरस्त्राण, चालकाला बांधलेला सुरक्षापट्टा आणि ताशी चाळीस किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आपल्याकडे मूल टाकीवर बसवून सर्रास नेतात. ते थांबायला हवे.

राहिली एक गोष्ट. सासूबाई तिला कुठे नेऊ नका म्हणतात, एवढेच तुम्ही लिहिले आहे. कोकणात तुमच्याबरोबर चला, असे त्यांना कोणी विचारल्याचे पत्रात कुठेच नाही. चार गावे पाच दिवसांत फिरणे त्यांच्या गुडघ्यांनाही झेपणार नव्हते, म्हणून कदाचित कोणाच्या मनात आले नसेल. पण एकाच गावी चार रात्री, संध्याकाळी किनाऱ्यावर नातीशेजारी बसणे त्यांना जमण्यासारखे आहे. आज रात्री जेवताना विचारून पाहा. हो म्हणाल्या, तर खोली तळमजल्यावरची घ्या.